बीअरच्या कारखान्यातून आलेला शास्त्रज्ञ



आपल्या धर्मग्रामातला एक तरुण नोकरीनिमित्त इंग्लंडला असतो. मागे त्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाल्यावर त्याने जरा अडखळतच विचारले, की मित्रांबरोबर घरी बीअर बनवून पाहायची आहे, तर बॉयलर कोणता घ्यावा. घरी आईला विचारण्याची सोय नव्हती, म्हणून पाळी माझ्यावर आली असावी!

त्या देशात स्वतःपुरती बीअर घरी बनवायला १९६३ पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तो गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी चुलीवर हंडा चढवू नये. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, बॉयलर नाही. त्यामुळे त्याला लगेच उत्तर देता आले नाही. पण त्या प्रश्नावरून एका माणसाची आठवण झाली. त्याचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते, पण जीवन सहसा ठाऊक नसते. ते म्हणजे जेम्स प्रेस्कॉट ज्यूल.

ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गावी झाला. वडिलांचा बीअरचा मोठा कारखाना होता. पोराच्या पाठीच्या कण्यात दोष होता, प्रकृती नाजूक होती. म्हणून तो घरीच शिकला. १८३४ पासून तो आणि त्याचा भाऊ बेंजामिन यांना जॉन डाल्टन शिकवू लागले. अणूचा सिद्धांत मांडणारे ते हेच डाल्टन. १८३७ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि शिकवणी थांबली. ज्यूल पुढे कोणत्याही विद्यापीठात गेले नाहीत. त्यांचे विद्यापीठ म्हणजे वडिलांचा कारखाना.

बीअर बनवताना काय करतात? मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात भिजत ठेवतात. ते पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस असावे लागते. त्या उबेत धान्यातल्या पिष्टाची साखर होते. उष्णता फार वाढली तर साखर होणेच थांबते. नंतर तो गोड काढा गाळून त्यात हॉप नावाची कडवट फुले टाकतात आणि तासभर उकळतात. मग तो थंड करून त्यात यीस्ट घालतात. म्हणजे सारा खेळ उष्णतेचा. आपल्या घरी आई हात लावून दुधाचे विरजण जमवते, पण कारखान्यात हाताच्या अंदाजावर भागत नाही. म्हणून ज्यूल थर्मामीटर घेऊनच वावरले. पुढे त्यांनी मँचेस्टरचे कारागीर जॉन डान्सर यांच्याकडून असे थर्मामीटर करून घेतले, की फॅरनहाइटच्या एका अंशाचा २०० वा भागही त्यांच्यावर वाचता येई.

त्यांची सुरुवात अगदी व्यवहारी प्रश्नातून झाली. कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून विजेची मोटर बसवली तर परवडेल का? तेव्हा वीज बॅटरीतून मिळे आणि बॅटरीत जस्त खर्च होई. विशीतल्या ज्यूल यांनी मोजून पाहिले. एक पौंड जस्त जेवढे काम करी, त्याच्या चौपटीहून अधिक काम चांगल्या इंजिनात एक पौंड कोळसा करी. शिवाय जस्त महाग. तो बेत त्यांनी सोडून दिला, पण मोजण्याचा नाद सुटला नाही. त्याच काळात, १८४० मध्ये, त्यांना आढळले की तारेतला विद्युतप्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. आपल्या घरची इस्त्री आणि गीझर याच नियमावर चालतात.

त्या काळी बहुतेक विद्वानांची समजूत अशी होती, की उष्णता हा एक सूक्ष्म द्रव पदार्थ आहे आणि तो एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहतो. ज्यूल म्हणू लागले की तसे नाही. काम खर्च झाले की त्याच्या प्रमाणात उष्णता मिळते आणि हे प्रमाण ठरलेले असते. जर्मनीतले डॉक्टर मायर १८४२ मध्ये वेगळ्या वाटेने याच विचारापर्यंत आले होते. ज्यूल यांनी तो प्रयोगाने पक्का केला. तांब्याच्या भांड्यात पाणी भरले, त्यात वल्ह्यांचे चाक बसवले आणि दोरीला बांधलेली वजने खाली सोडून ते चाक फिरवले. वजने वीस वेळा सोडल्यावर पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापे. एवढ्याशा फरकावर विश्वास कोण ठेवणार? १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा एक निबंध छापायचे नाकारले. अनेकांच्या दृष्टीने ते बीअर बनवणारे हौशी गृहस्थच होते.

२८ एप्रिल १८४७ रोजी त्यांनी आपला सगळा विचार प्रथमच सलगपणे मांडला. हे व्याख्यान कोणत्या विद्यापीठात झाले नाही. ते झाले मँचेस्टरच्या सेंट अॅन चर्चच्या वाचनालयात! बेंजामिन चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत आणि एका स्थानिक वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत. त्याच वर्तमानपत्राने ते व्याख्यान छापले. ज्यूल यांची श्रद्धा होती की विधात्याने सृष्टीला दिलेली शक्ती मनुष्य नष्ट करू शकत नाही. ती फक्त रूप बदलते. नाही ते शून्यातून येत नाही आणि आहे ते शून्यात जात नाही, हे तत्त्वज्ञ फार पूर्वीपासून सांगत आले होते. ज्यूल यांनी ते भांड्यातल्या पाण्यात मोजून दाखवले.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्यांना थोडक्यात आटपायला सांगण्यात आले. परंतु श्रोत्यांत विल्यम थॉमसन हा विशीतला प्राध्यापक होता. पुढे तो लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाला. त्याने त्या बोलण्याचे मोल ओळखले आणि दोघांची जन्माची मैत्री जडली. ऑगस्टमध्ये ज्यूल यांचे अमेलिया ग्राइम्स यांच्याशी लग्न झाले. नवी जोडी आल्प्स पर्वतात फिरायला गेली. थॉमसन सांगत, की तिथे वाटेत ज्यूल भेटले तेव्हा त्यांच्या हातात थर्मामीटर होता! धबधब्याचे पाणी खाली पडल्यावर किती तापते ते त्यांना मोजायचे होते. पाण्याचे तुषार उडत असल्याने ते जमले नाही. आपण सालेकशाच्या हाजरा धबधब्याखाली भिजतो तेव्हा पाणी गारच लागते. पण १०० मीटरवरून पडणारे पाणी सुमारे पाव अंश सेल्सिअस तापायला हवे, असे ज्यूल यांचे गणित सांगते.

हळूहळू मान मिळू लागला. ज्या रॉयल सोसायटीने निबंध नाकारला होता, तिनेच १८५० मध्ये त्यांना सभासद करून घेतले. पण घरावर दुःख कोसळले. १८५४ मध्ये नवजात बाळ गेले आणि पाठोपाठ अमेलियाही गेली. मागे दोन लहान मुले राहिली. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. ज्यूल एकाकी झाले, पण काम थांबले नाही. त्या काळी बॉयलर फुटून माणसे मरत. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरून, बंद करून मंद तापवावा आणि पाणी प्रसरण पावताना दाब पाहत जावा, अशी तपासणीची सोपी रीत त्यांनी सुचवली. पत्रा कमजोर असेल तर पाणी गळते, पण वाफेचा स्फोट होत नाही. आपल्या गोंदियात राइस मिलमध्ये उसन्या तांदळासाठी बॉयलर चालतात. तिथे राबणाऱ्या आपल्या भावांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी ज्यूल सेल या गावी वारले. त्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव दिले. आपल्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल.

आता त्या तरुणाला दिलेले उत्तर. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअस तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. २५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायचे तर सुमारे ८४ लाख ज्यूल हवेत. २००० वॉटचा बॉयलर सेकंदाला २००० ज्यूल देतो, म्हणजे सुमारे ७० मिनिटे लागतील. ३००० वॉटचा असेल तर ४७. हवेत जाणारी उष्णता धरून थोडा वेळ अधिक. काढा उतू जातो, म्हणून २५ लिटरसाठी भांडे निदान ३० लिटरचे असावे. स्टीलचे असावे आणि तापणारी तार उघडी नसावी, कारण साखर तिला चिकटून करपते. त्याच्या हिशेबात मी आणखी एक ओळ घातली. उष्णता मोजतोस तसे पेलेही मोजावेत. आपल्या कितीतरी घरांत मोहाच्या दारूने काय केले, हे तो पाहूनच मोठा झाला आहे.

ज्यूल यांच्या थडग्यावर दोन गोष्टी कोरल्या आहेत. एक म्हणजे ७७२.५५ हा आकडा. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती काम लागते, ते सांगणारा. जवळजवळ चाळीस वर्षांच्या मोजणीचे ते फळ. दुसरे म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायातले ४ थे वचन. दिवस आहे तोवर, ज्याने पाठवले त्याचे काम केले पाहिजे, कारण रात्र येते आणि तेव्हा कोणालाच काम करता येत नाही, असा त्याचा आशय आहे. आज घरी गेल्यावर मुलांना जवळ घेऊन तो अध्याय जरूर वाचा.

प्रभूमध्ये आपला,
फादर