पॅरिस ते जिनिव्हा : जे. आर. डी. टाटा यांचे हवाई आयुष्य

नकाशावर मुंबई आणि हैदराबाद यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती आपल्या मन्नाएखेळ्ळीच्या अगदी जवळून जाते. अंतर सुमारे 620 किलोमीटर. विमानाला सव्वा-दीड तास लागतो, हायवेवरून जाणाऱ्या बसला अख्खी रात्र. विमानाचा आवाज आला की घरातली मुले अजूनही अंगणात धावतात. त्यांना सांगता यावे म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. सुट्टीत कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलोला जाई. 1909 मध्ये विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारे लुई ब्लेरियो तिथले शेजारी होते. त्याच किनाऱ्यावर पंधराव्या वर्षी जे. आर. डी. पहिल्यांदा विमानात बसले आणि तेव्हापासून त्यांनी उडण्याचा ध्यासच घेतला. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला.

1930 मध्ये आगाखानांनी जाहीर केलेली भारत आणि इंग्लंड यांच्यात एकट्याने उडण्याची स्पर्धा झाली. जे. आर. डी. कराचीहून निघाले, तर अॅस्पी इंजिनिअर हा तरुण उलट दिशेने इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. जे. आर. डी. यांनी आपल्याजवळचा प्लग त्याला दिला. बक्षीस अॅस्पीने जिंकले! पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. आम्हाला तरी हा प्रसंग त्यांच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठा वाटतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी ते पुस मॉथ नावाच्या छोट्या एका इंजिनाच्या विमानात टपाल घेऊन कराचीहून निघाले. इंग्लंडहून विमानाने आलेली पत्रे कराचीत थांबत, ती पुढे न्यायची होती. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. म्हणजे आजच्या कर्नाटकाला पहिल्याच फेरीत थांबा मिळाला होता. आपला बिदर भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जाई, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ते 10 जूनला पोहोचले. जे. आर. डी. स्वतः त्यात होते. 1953 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी 1978 पर्यंत अध्यक्ष तेच राहिले. 1982 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जुन्या बनावटीच्या विमानातून कराची-मुंबई हे उड्डाण पुन्हा केले. 1992 मध्ये भारतरत्न मिळाले.

29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. जिनिव्हा ते पॅरिस हवाई अंतर सुमारे 400 किलोमीटर, आजच्या विमानाला तासभर पुरतो. ताशी 160 किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या त्यांच्या पुस मॉथला अडीच तास लागले असते.