स्वयंपाकघरातला कारागीर : नॅथॅनिएल बाल्डविन

हेडफोनची वायर बहुधा पिनेच्या मुळाशीच तुटते. आतल्या तारा केसासारख्या बारीक, त्यांवर रंगीत इनॅमल. ते सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने जाळल्याशिवाय तारेला कथिल धरत नाही. संध्याकाळी एका दुरुस्तीच्या दुकानात मी हेच डाख लावतो. वर्गात हे मी कुणाला सांगितले नव्हते. घरातला कॉलेजात आलेला मी पहिलाच. आईलाही वाटते की आता हे हात काळे करणे पुरे. त्यामुळे बाल्डविनविषयी वाचले तेव्हा मी ते दोनदा वाचले.

त्याचा जन्म १८७८ सालचा, अमेरिकेतील यूटामधल्या फिलमोर गावचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून तो अध्यापक झाला, पण बहुपत्नीत्वाविषयीच्या आपल्या मतांपायी नोकरी गमावून बसला. १९१० साली त्याने अमेरिकन नौदलाला एक पत्र लिहिले आणि स्वतः बनविलेली हेडफोनची जोडी पाठविली. बिनतारी संदेशाचा क्षीण आवाज तिच्यात स्पष्ट ऐकू येई आणि तिला बाहेरून वीजही द्यावी लागत नसे. प्रत्येक कर्णफुलात जवळजवळ मैलभर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली! (मला वीतभर तार सांधताना घाम फुटतो.)

नौदलाने मागणी नोंदविली, तर एका वेळी दहाच देता येतील, असे बाल्डविनने कळविले. कारण त्याचा कारखाना म्हणजे घरातले स्वयंपाकघर! ही वस्तू त्याला इतकी किरकोळ वाटली की सुचवूनही त्याने तिचे पेटंट घेतले नाही म्हणतात. पदवीधर माणूस, आणि स्वयंपाकघरात बसून तार गुंडाळण्याची त्याला लाज वाटली नाही.

पुढे कारखाना झाला, पैसा आला. तो पैसा त्याने बहुपत्नीत्व मानणाऱ्या आपल्या पंथबंधूंवर आणि नाना उद्योगांवर उधळला. १९२४ मध्ये दिवाळे निघाले. १९३० मध्ये टपालातून फसवणूक केल्याबद्दल शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला. माणसे ओळखण्यात तो कच्चा होता, असे माझे मत. १९६१ मध्ये तो वारला.

गेल्या आठवड्यात आमच्याच वर्गातली एकजण हेडफोन घेऊन दुकानात आली. डावी बाजू बंद होती. पूर्वी मी मागच्या खोलीत गेलो असतो. या खेपेस तिच्यासमोरच वायर सोलली, डाख लावला आणि नेहमीचे पैसे सांगितले.