गळती शोधणारा महापौर

ऑटो फॉन गेरिके यांचा जन्म १६०२ मध्ये जर्मनीतील माग्डेबर्गचा. १६३१ मध्ये युद्धात हे शहर बेचिराख झाले. अभियंता असलेल्या गेरिकेंनी ते पुन्हा उभारायला हातभार लावला आणि १६४६ मध्ये ते महापौर झाले.

त्यांना ध्यास होता निर्वात पोकळीचा. लाकडी पिंपातले पाणी पंपाने उपसले, तर लाकडातून हवा आत शिरल्याचा आवाज येऊ लागला. तांब्याचा गोल घेतला, तो मोठा आवाज होऊन चेपला. अधिक काटेकोर गोल घडवल्यावर पोकळी टिकली. १६५७ मध्ये धातूचे दोन अर्धगोल जोडून त्यांनी आतली हवा काढली. दोन्हीकडच्या आठ-आठ घोड्यांनाही ते सहजी वेगळे करता येईनात. १६८६ मध्ये हॅम्बर्गला त्यांचे निधन झाले.

अनेक जुन्या ऑटोमॅटिक मोटारींत इंजिनावरचा भार गिअरबॉक्सला कळतो, तो इंजिनातल्या निर्वातामुळेच. त्याची रबरी नळी चिरली, की निर्वात घटतो. भार वाढल्यासारखे होऊन गिअर उशिरा आणि धक्का देत बदलतो. म्हणून गिअरबॉक्स खोलण्याआधी गेरिकेंसारखा कान द्यावा. बिघाड अनेकदा त्या स्वस्त नळीतच सापडतो.