पायाच्या हाडात पू झालेलं पोरगं यांकीज टीमनं अकराशे डॉलरमध्ये उचललं, त्याचं नाव मिकी मँटल

फेब्रुवारी २०२२ चा आयपीएल लिलाव आठवतोय? मुंबई इंडियन्सनं जोफ्रा आर्चरवर ८ कोटी लावले होते. कोपराच्या दुखण्यामुळं तो त्या सीझनला खेळणार नव्हता, हे बोली लावणाऱ्यांना माहिती होतं आणि बघणाऱ्यांनाही. तरी पैसे लागले. पुढच्या वर्षी आर्चर आला, पाच मॅच खेळला आणि परत मायदेशी गेला.

आपल्याकडं असा सौदा क्वचित दिसतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र हे नेहमीचं आहे. तिथं दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे शाळा-कॉलेजातली पोरं टीम्स पाळीपाळीनं निवडतात. निवडलेल्या पोरानं करारावर सही केली की त्याला एकरकमी पैसे मिळतात, त्याला सायनिंग बोनस म्हणतात. आता एखादा जबरदस्त बॉलर, तिथल्या भाषेत पिचर, ऐन ड्राफ्टच्या तोंडावर कोपर दुखावून बसतो. वरच्या नंबरच्या टीम्स घाबरतात आणि त्याला सोडतात. मग मागची एखादी टीम म्हणते, एरवी हा आपल्या हाताला लागलाच नसता, घ्या याला.

लुकास जिओलिटोचं असंच झालं. २०१२ मध्ये तो शाळेत होता, कोपराचं लिगामेंट दुखावलेलं होतं, तरी वॉशिंग्टन नॅशनल्सनं त्याला सोळाव्या नंबरला निवडून २९ लाख डॉलरहून जास्त बोनस दिला. काही आठवड्यांत त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. पुढं तो चांगला पिचर झाला, पण तोवर नॅशनल्सनी त्याला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं होतं. याच्या उलट केस ब्रेडी एकेनची. २०१४ मध्ये ह्युस्टननं त्याला पहिल्या नंबरला निवडलं, ६५ लाख डॉलर ठरले, मग कोपराचा एमआरआय बघून टीमनं आकडा खाली आणला आणि पोरानं सहीच केली नाही. पुढच्या वर्षी ऑपरेशन झालेलं असताना क्लीव्हलँडनं त्याला सुमारे २५ लाख दिले. तो मोठ्या लीगपर्यंत कधी पोहोचलाच नाही.

एवढे पैसे मिळतात, कारण पोराच्या हातात नाही म्हणायची ताकद असते. बोनस पटला नाही तर तो कॉलेजला जातो आणि नंतर पुन्हा ड्राफ्टला येतो. सोबतीला सल्लागार असतो. आणि १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरवर झालेलं लिगामेंट बदलायचं ऑपरेशन आता इतकं सरावाचं झालंय की तुटलेलं कोपर म्हणजे करिअर संपलं असं कुणी धरत नाही.

पण ज्याच्या पायाचं हाड सडलं होतं आणि ज्याच्याकडं नाही म्हणायची सोयच नव्हती, अशा पोराचा भाव काय लागला होता? त्यासाठी १९४९ च्या ओक्लाहोमात जावं लागतं.

मिकी मँटलचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ चा, ओक्लाहोमातल्या स्पॅव्हिनॉ गावचा. तो लहान असतानाच घर कॉमर्स नावाच्या गावी आलं. हा सगळा जस्त आणि शिशाच्या खाणींचा पट्टा. या खाणींनी पुढं पाणी आणि माती इतकी नासवली की शेजारचं पिचर नावाचं अख्खं गाव उठवावं लागलं. (गावाच्या नावाचा आणि बेसबॉलमधल्या पिचरचा काही संबंध नाही.) मिकीचे वडील एल्विन, सगळे त्यांना मट म्हणायचे, याच खाणीत कामाला होते. बेसबॉलचं वेड एवढं की मिकी कॉक्रेन या आवडत्या खेळाडूचं नाव त्यांनी पोराला दिलं. खाणीतून घरी आले की पोराची प्रॅक्टिस सुरू. मट उजव्या हातानं बॉल टाकायचे, आजोबा डाव्या हातानं. उजव्या हाताच्या बॉलरसमोर डावखुरं खेळायचं आणि डावऱ्यासमोर उजव्या हातानं, असा नियम. त्यामुळं मिकी दोन्ही बाजूंनी तितक्याच ताकदीनं मारायला शिकला. आपलं पोरगं खाणीत उतरू नये, एवढाच मट यांचा हट्ट होता.

१९४६ मध्ये शाळेच्या फुटबॉल प्रॅक्टिसमध्ये त्याच्या डाव्या पायाच्या नडगीवर कुणाची तरी लाथ बसली. साधा मार वाटला, पण पाय सुजला आणि ताप चढला. निदान झालं ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे थेट हाडाला झालेला संसर्ग, आत पू होतो. डॉक्टरांनी पाय कापायची गोष्ट काढली. आई लव्हेल हे ऐकायला तयार नव्हत्या. पोराला ओक्लाहोमा सिटीच्या हॉस्पिटलात हलवलं. नशीब असं की दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि पेनिसिलिन सामान्य लोकांना मिळायला लागलं होतं. दर तीन तासांनी इंजेक्शन देऊन पाय वाचवला. दहा वर्षं आधी हेच झालं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पाय वाचला, पण हा आजार मुळापासून गेला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि पुन्हा उसळतो. मिकीचंही तसंच झालं.

टॉम ग्रीनवेड हा न्यूयॉर्क यांकीज या टीमचा स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून पोरं हेरणारा माणूस. त्यानं मिकीला स्थानिक टीमकडून खेळताना पाहिलं होतं. १९४९ मध्ये मिकीची शाळा संपली त्याच सुमाराला तो करार घेऊन आला. पाऊस लागला म्हणून बोलणी त्याच्या गाडीत बसून झाली. मिकीनं पुढं सांगितलेला किस्सा असा की ग्रीनवेडनं आधी पोराच्या उणिवाच मोजल्या. अंगानं लहान आहे, थ्रो कधी कुठं जाईल याचा नेम नाही, मोठ्या लीगला पोहोचेल की नाही शंका आहे. मट म्हणाले की तुम्ही देताय त्यापेक्षा जास्त पैसे पोरगा खाणीत काम करून आणि रविवारच्या मॅच खेळून कमवेल. मग ग्रीनवेडनं कागदावर आकडेमोड केली. सीझनचे उरलेले पगाराचे ४०० डॉलर, आणि खाणीच्या हिशोबात जो फरक पडत होता तो बोनस, अकराशे डॉलरच्या आसपास. एकूण दीड हजार.

म्हणजे मिकीचा भाव त्याच्या खेळावरून निघालाच नाही. तो निघाला खाणीतल्या मजुरीवरून.

बाजारात तेव्हा पैसा नव्हता असंही नाही. डेट्रॉइटनं १९४१ मध्येच डिक वेकफिल्ड या कॉलेजच्या पोराला ५२ हजार डॉलर दिले होते. या 'बोनस बेबी' प्रकारामुळं श्रीमंत टीम्स सगळी पोरं पळवतील म्हणून नियम आणावे लागले. आणि मिकीच्या सहीनंतर अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी १९५० मध्ये, पिट्सबर्ग पायरेट्सनं कॅलिफोर्नियाच्या पॉल पेटिट नावाच्या पिचरसाठी तब्बल १ लाख डॉलर मोजले. पेटिट १८ वर्षांचा, धडधाकट. त्याच्यावर सिनेमा काढायचा म्हणून एका प्रोड्यूसरनं त्याला आधीच करारात बांधलं होतं, त्याच्याकडून पायरेट्सनं तो घेतला. वर्ष-दीड वर्षात पेटिटच्या हातानं दगा दिला. मोठ्या लीगमध्ये त्यानं आख्ख्या करिअरमध्ये एक मॅच जिंकली.

इकडं मिकी खालच्या लीगमध्ये धुमाकूळ घालत होता. १९५० मध्ये जॉप्लिनकडून त्याचं ॲव्हरेज ०.३८३ होतं. बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी झालेला बॅटर भारी समजतात, म्हणजे बघा. १९५१ मध्ये तो थेट यांकीजच्या मुख्य टीममध्ये आला, १९ वर्षांचा. जुलैमध्ये फॉर्म गेला, खाली पाठवलं. पोरगं रडकुंडीला आलं. मट हॉटेलवर आले, धीर देण्याऐवजी बॅग भरायला लागले, चल खाणीत म्हणून. पोरगं थांबलं आणि महिनाभरात परत वर आलं.

याच काळात कोरियाचं युद्ध चालू होतं आणि अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती. लष्करानं मिकीला पायाच्या हाडामुळं नापास केलं. मग लोकांनी हल्ला चढवला. बेसबॉल खेळता येतो आणि बंदूक धरता येत नाही का, म्हणून स्टेडियममध्ये हुर्यो उडवली, पत्रं धाडली. लष्करानं पुन्हा तपासलं, पुन्हा नापास. लाथ मारून बरा झालेला दिसतो म्हणून माणूस बरा झालेला नसतो, हे लोकांना समजावून कोण सांगणार?

५ ऑक्टोबर १९५१. वर्ल्ड सिरीजची दुसरी मॅच. विली मेजनं उंच बॉल मारला. तो पकडायला मिकी उजवीकडून पळत सुटला आणि मधून जो डिमॅजिओ, तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार. डिमॅजिओनं कॅच माझा म्हटल्यावर मिकीनं कचकन ब्रेक मारला. बुटाचे खिळे मैदानातल्या गटाराच्या झाकणात अडकले आणि उजवा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलसमोर टॅक्सीतून उतरताना त्यानं वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, तर मट रस्त्यावर कोसळले. बापलेक एकाच खोलीत ॲडमिट झाले आणि तिथं कळलं की मट यांना हॉजकिन्स, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर आहे. मे १९५२ मध्ये ते गेले, वय ४०. आजोबा आणि काकाही असेच लवकर गेले होते. आपणही चाळिशी बघणार नाही, हे मिकीच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच्या दारूचं मूळ या भीतीत होतं असं बरेच जण म्हणतात. थोडं खरं असेल, पण टीमसोबतच्या रात्री आणि फुकट पाजणारे लोकही होतेच.

गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट त्या दिवशी फाटलं असावं आणि उरलेलं सगळं करिअर तो तसाच खेळला, असं नंतरच्या जाणकारांचं मत आहे. तेव्हा ते नीट जोडायचं तंत्रच नव्हतं. मॅचआधी तो मांडीपासून घोट्यापर्यंत पाय पट्ट्यांनी गुंडाळून घ्यायचा. आणि तशा पायांवर त्यानं काय केलं? १९५६ मध्ये ट्रिपल क्राउन, म्हणजे ॲव्हरेज, होम रन आणि धावा मिळवून देणं, तिन्हीत लीगमध्ये पहिला. ०.३५३, ५२ आणि १३०. तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. एकूण ५३६ होम रन. सात वर्ल्ड सिरीज. वर्ल्ड सिरीजमधल्या १८ होम रनचा त्याचा रेकॉर्ड आजही कुणी मोडलेला नाही. १९६१ मध्ये ५४ होम रन मारून तो कंबरेजवळच्या गळवामुळं बसला, तरी वर्ल्ड सिरीजला उतरला आणि पँटवर रक्त दिसायला लागल्यावर बाहेर आला. १९६३ मध्ये कुंपणात पाय अडकून हाड मोडलं.

यांकीजनी अकराशे डॉलरमध्ये हे सगळं घेतलं होतं. पगार वाढायचा, पण मालकाच्या मर्जीनं. तेव्हाच्या करारात असं कलम होतं की सीझन संपला तरी खेळाडू त्याच टीमला बांधील. दुसरीकडं जास्त पैसे मिळतात म्हणून जाता येत नव्हतं. हे कलम १९७५ च्या शेवटी एका लवादाच्या निर्णयानं मोडलं, मिकी रिटायर झाल्यावर. १९५७ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावरही जनरल मॅनेजर जॉर्ज वाइस यांनी त्याचा पगार कापायची भाषा केली, कारण काय तर आकडे आदल्या वर्षीपेक्षा कमी आहेत. त्याचा पगार १ लाख डॉलरला पोहोचला १९६३ मध्ये, म्हणजे पेटिटसाठी पायरेट्सनं मोजलेल्या रकमेएवढा पगार त्याला बारा वर्षं खेळल्यावर मिळाला.

म्हणून पेटिटच्या सौद्याला लोक फसलेला जुगार म्हणतात आणि मँटलच्या सौद्याला ग्रीनवेडची पारखी नजर, ते मला अर्धवट वाटतं. दोन्ही शरीरं मोडली. पेटिटचं मोडल्यावर नुकसान पायरेट्सचं झालं. मँटलचं मोडलं ते मँटलनं सोसलं. आज दुखावलेल्या पोरांना लाखो डॉलर मिळतात तेव्हा टीम वेडी झाली म्हणून हसणारे खूप असतात, पण तो पैसा म्हणजे धोक्याचा थोडा वाटा टीमनं उचलणं आहे.

१ मार्च १९६९ ला तो रिटायर झाला. शेवटची चार वर्षं पायांमुळं इतकी घसरली की करिअरचं ॲव्हरेज ०.३०० च्या खाली, ०.२९८ वर आलं. हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं. १९७४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. मग धंदे बुडाले, दारू वाढली. १९८३ मध्ये एका कसिनोची नोकरी धरली म्हणून बेसबॉलनं दोन वर्षं दूर ठेवलं. पुढं सह्यांचा आणि जुन्या कार्डांचा बाजार फुगला आणि एका वीकेंडच्या सह्यांत तो एखाद्या सीझनच्या पगाराएवढं कमवायला लागला. त्याचं १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. भाव एवढा, कारण कार्ड जवळपास कोरं करकरीत होतं, कोपरेसुद्धा झिजलेले नव्हते.

१९९४ च्या सुरुवातीला तो व्यसनमुक्तीसाठी बेटी फोर्ड सेंटरमध्ये दाखल झाला. बाहेर आला आणि काही आठवड्यांत मुलगा बिली गेला, वय ३६. त्यालाही हॉजकिन्स होता, शेवट हृदयविकारानं झाला. जून १९९५ मध्ये डॅलसमध्ये मिकीवर लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. यादीत नाव आल्यावर दोन दिवसांत लिव्हर मिळालं, त्यामुळं पुन्हा गदारोळ झाला. दारू पिऊन लिव्हर घालवलेल्या प्रसिद्ध माणसाला आधी नंबर का, असं लोक विचारत होते. डॉक्टरांनी सांगितलं की तो त्या भागातला सगळ्यात गंभीर पेशंट होता. जुलैमध्ये पत्रकारांसमोर आला तेव्हा ओळखू येत नव्हता. पोरांनी माझ्यासारखं होऊ नये, एवढंच त्यानं सांगितलं आणि अवयवदानाचं आवाहन केलं. कॅन्सर तोवर फुफ्फुसांत पसरला होता.

१३ ऑगस्ट १९९५ ला तो गेला, वय ६३. त्याच्या नावानं अवयवदानासाठी फाउंडेशन सुरू झालं.