सर फ्रेडरिक ॲबेल

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या बंदरांत कापूस व दारूगोळा यांनीं भरलेल्या जहाजास आग लागून जो अनर्थ झाला, त्याची हकीकत तुम्हीं वाचली असेल. दारूनें तोफेंत काम करावें, कोठारांत करूं नये, यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्यांपैकीं एकाचें हें चरित्र आहे.

फ्रेडरिक ॲबेल यांचा जन्म १८२७ सालीं लंडन येथें झाला. आचार्य हॉफमन यांच्यापाशीं अध्ययन करून १८५२ सालीं ते वुलिचच्या लष्करी विद्यालयांत फॅरडे यांच्या जागीं अध्यापक झाले. पुढें युद्धखात्याचे रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या काळीं कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करून केलेला स्फोटक कापूस नवा होता. काळ्या दारूहून तो प्रबळ, पण बेभरंवशाचा. १८४७ सालीं फॅव्हरशॅम येथील कारखाना उडून सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. ॲबेल यांनीं दोष हुडकून काढला. कापसाचा तंतु नळीसारखा पोकळ असतो. वरवर धुतल्यानें आंतील आम्ल निघत नाहीं, आणि तेंच पुढें सांठ्याचा घात करितें. उपाय साधा होता. कागदाच्या गिरणींतील यंत्रानें कापसाचा लगदा करावयाचा व तो पुनःपुन्हां धुवावयाचा. या कृतीचें पेटंट त्यांनीं १८६५ सालीं घेतलें. शिवाय नमुना तापवून रासायनिक कागदावर डाग उमटण्यास किती वेळ लागतो, हें पाहण्याची कसोटीहि त्यांनीं बसविली.

१८८९ सालीं प्रा. ड्यूअर यांच्यासह त्यांनीं ‘कॉर्डाइट’ सिद्ध केलें. शेंकडा ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग स्फोटक कापूस व ५ भाग व्हॅसलीन ॲसिटोनमध्यें मळून शेवयांप्रमाणें दोऱ्या पाडीत. दोरी जाड केली कीं जळण्यास वेळ अधिक लागे. म्हणून प्रत्येक तोफेस बेताची दारू करितां येई. मात्र तिच्या उष्णतेनें तोफांच्या नळ्या झिजत. तेव्हां पुढें नायट्रोग्लिसरीनचें प्रमाण ३० वर आणावें लागलें.

दिव्याचें तेल किती उष्णतेवर पेट घेतें, हें मोजण्याचें त्यांचें उपकरणहि प्रसिद्ध आहे. त्यानें घरोघरचे अपघात टळले. १९०२ सालीं ते निवर्तले.

युद्धसाहित्यानें जगाचें कल्याण झालें असें कोण म्हणेल? तथापि तें करणाऱ्या गरीब कामकऱ्याचा जीवहि मोलाचा आहे, आणि तो राखला गेला तो थेंबभर आम्लाचीहि उपेक्षा न केल्यामुळें. प्रयोगशाळेंत नळी धुतांना, बाळांनो, हें स्मरणांत असूं द्या. जो अल्पांत विश्वासू, त्याच्याच हातीं मोठें काम सोंपवितां येतें.