डॉ. अनिता हार्डिंग: मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचे मूळ शोधताना

तुमच्या घरात कोणाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार असेल, तर त्याच्या निदानामागे डॉ. अनिता हार्डिंग यांचेही काम आहे. १९५२ साली जन्मलेल्या हार्डिंग लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये शिकल्या आणि पुढे क्वीन स्क्वेअर येथे न्यूरॉलॉजीच्या प्राध्यापक झाल्या.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो. काही रुग्णांच्या स्नायूंत या डीएनएचा तुकडाच गळालेला असतो, हे त्यांनी इयान होल्ट आणि जॉन मॉर्गन-ह्यूज यांच्यासह १९८८ मध्ये दाखवले. स्नायूंच्या अशक्तपणाचे कारण आता तपासणीत दिसू शकत होते.

१९९५ मध्ये, अवघ्या ४२व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

रिपोर्टमध्ये असा एकच मोठा तुकडा गळालेला दिसला, तर आईला दोष देऊ नका. तो बहुधा आनुवंशिक नसतो. डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.