ओझे उतरवून निघालेला मुसाफिर

वर्ध्यालगतच्या नालवाडीत १९३२ च्या अखेरीस आचार्य विनोबा भावे राहावयास आले. सूत कातून मिळेल त्या मजुरीवरच निर्वाह करावा, हा त्यांचा निर्धार होता. १९३८ पर्यंत त्यांची प्रकृती फार खालावली. गांधीजींनी हवापालट सुचविला, तेव्हा त्यांनी जवळचेच पवनार निवडले. जाताना धाम नदीचा पूल ओलांडतेवेळी त्यांनी आश्रमाच्या सर्व कामांची चिंता मनातून दूर केली. पवनारला प्रकृती सुधारली.

पुढे त्यांनी अरबी शिकून पवित्र कुरआनचे मुळातून अध्ययन केले. ८ मार्च १९५१ रोजी ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून सुरू झालेल्या भूदान पदयात्रेनंतर ते १९६४ साली पवनारला परतले. कुरआनमधील निवडक आयतींचे ‘रूहुल कुरआन’ हे त्यांचे संकलनही याच काळातले.

वाचकहो, सफरीला निघण्यापूर्वी आपण कर्ज फेडतो, अमानती परत करतो, घरच्यांची सोय लावतो. परंतु आपल्यावाचून काम अडेल, हा अभिमान मात्र सोबत नेतो. जबाबदारी योग्य हाती सोपवावी आणि फळ अल्लाहवर सोडावे, यालाच तवक्कुल म्हणतात. नालवाडी सोडताना विनोबांनी हाच अभिमान मागे ठेवला. आपणही निघताना आपले गाठोडे एकदा तपासून पाहावे.